एका भाकरीसाठी चार उंबरठे

मुंबईला जाऊन आले म्हटलं की आमच्या नगरात पहिला प्रश्न येतो, समुद्र पाहिला का? पाहिला. पण होडीत बसून, चपला हातात धरून, आणि डोकं इतकं तापलेलं असताना की त्या समुद्राकडे माझं धड लक्षही गेलं नाही. मी खरी पाहिली ती उपनगरं. मरोळ, दिंडोशी, मुलुंड, मढ. तिथे मुद्दाम फिरायला कोणी जात नाही, मीही गेले नव्हते. मला चार धर्मगुरूंना एकच गोष्ट विचारायची होती. त्यांनी काय उत्तरं दिली ते लिहिल्याशिवाय माझा राग उतरणार नाही म्हणून लिहायला बसले आहे. लिहूनही उतरेल असं वाटत नाही.

मरोळ

नगरची गाडी घाटकोपरला सोडते. तिथून मेट्रो पकडायची. मेट्रो दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून जाते, त्यामुळे लोकांची वाळत घातलेली धुणी आणि चालू टीव्ही बघत आपण जातो. मरोळ नाक्याला उतरलं की कारखान्यांच्या शेड, रिक्षांची गॅरेजं, काचेच्या उंच कंपन्या, आणि या सगळ्याच्या पोटात अचानक एक गाव. अरुंद गल्ल्या, बाहेरून लाकडी जिने असलेली कौलारू घरं, आणि गल्लीच्या तोंडाशी दगडी क्रूस. क्रूसाला झेंडूचा ताजा हार. आम्ही नगरचे प्रॉटेस्टंट. आमच्या चर्चमध्ये पांढरी भिंत आणि साधा लाकडी वधस्तंभ, त्याला कोणी फूल वाहिलेलं मी जन्मात पाहिलं नाही. दर वेळी या गल्लीत शिरताना मला तो हार खटकतो आणि दर वेळी मी त्याच्याकडे दोनदा वळून बघते.

माझी धाकटी बहीण मंजू लग्न होऊन या गल्लीत आली. नवरा विल्सन, इथला मूळचा ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या जुन्या गावांतले मराठी बोलणारे कॅथलिक असतात त्यांतला. मरोळच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लेथ चालवून निवृत्त झाला. भला माणूस, बोलणं कमी. मंजूने लग्नाच्या वेळी चर्च बदललं नाही. प्रभू एकच आहे, मग नाव कशाला बदलायचं, असं ती म्हणाली आणि तिच्या सासूनेही ते चालवून घेतलं. पण त्याची किंमत होती. दर रविवारी ती नवऱ्याबरोबर मिस्साला जायची, गाणी म्हणायची, गुडघे टेकायची, आणि ख्रिस्तशरीर, म्हणजे प्रभुभोजनाचा पवित्र घास, घ्यायची वेळ आली की अख्खी रांग पुढे जायची आणि ही बाकावर बसून राहायची. सासू पुढे जायची, नवरा जायचा, मुलगा जॉयल मोठा झाला तसा तोही जायचा. ही मागे. तीस वर्षं.

पुढे जॉयल दिंडोशीच्या एका फेलोशिपमध्ये, म्हणजे नव्या धाटणीच्या प्रार्थनामंडळीत, जाऊ लागला, तिथलाच झाला, आणि बापाच्या चर्चमध्ये पाय ठेवेनासा झाला. मंजू लेकासाठी अधूनमधून तिकडेही जायची. तिकडे तिला सांगितलं, आधी पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्या, मग प्रभुभोजन. म्हणजे तिथेही ही खुर्चीवर बसलेलीच.

आता तिला अन्ननलिकेचा कॅन्सर झाला होता. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मी पोचले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती, गालांची नुसती हाडं उरलेली. शेजारच्या राणे वहिनी मालवणकडच्या. त्या वाटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मंजूक पेज हाडलंय, गरम आसा." मंजूने चमचा चमचा करून अर्धी वाटी संपवली. सावकाश, पण संपवली. मग माझा हात धरून म्हणाली, "ताई, मला एकदा तुम्हा सगळ्यांबरोबर प्रभुभोजन घ्यायचंय. तू, विल्सन, जॉयल. एका ताटातून. एवढंच कर."

मला वाटलं, हे काय, उद्या संध्याकाळपर्यंत होऊन जाईल. एवढी मी खुळी.

विल्सनच्या चर्चचे फादर अगदी सज्जन. पंखा माझ्याकडे वळवून दिला, चहा मागवला, मंजूची चौकशी केली आणि डोळे मिटून तिच्यासाठी प्रार्थनाही केली. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण माणसं वाईट असती तर मला इतका राग आला नसता. फादर म्हणाले, मरणाच्या दारातल्या माणसाची गोष्ट वेगळी, वरून विचारून तिला एकटीला देता येईल. विल्सन तर आमचाच. पण तुम्हाला आणि त्या मुलाला त्याच वेळी, त्याच ताटातून, हे बसत नाही. कशात बसत नाही, असं मी विचारलं. त्यांनी मला शांतपणे नियम समजावून सांगितला. मी मास्तरीण होते, नियम मला पटकन कळतात. तिथून उठले तेव्हा माझा चहा तसाच होता.

घरी येऊन मंजूला सांगितलं की तुला एकटीला मिळेल. तिने पांघरूण वर ओढून घेतलं. मग म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही खाल्लंत आणि मी बघितलं. आता मी खायचं आणि तुम्ही बघायचं? नको मला."

दिंडोशी

दुसऱ्या दिवशी जॉयल मला मोटारसायकलवर बसवून दिंडोशीला घेऊन गेला. साठीच्या बाईने हायवेवर मोटारसायकलवर बसू नये. मेट्रोच्या खांबांच्या शेजारून तो असा निघाला की मी सगळ्या वाटेत देवाचं नाव घेत होते, आणि कुठल्या पंथाच्या पद्धतीने घेत होते ते मला आठवत नाही. हेल्मेट माझ्या अंबाड्यावर बसेना. उतरले तेव्हा पिना निम्म्या वाटेत पडलेल्या आणि केस मोकळे.

फेलोशिप म्हणजे एका वसाहतीच्या तळमजल्यावरचा हॉल. प्लॅस्टिकच्या लाल खुर्च्या, ड्रम, भिंतीएवढे स्पीकर. आमच्याकडे बाजाची पेटी आणि ढोलकीवर भजनं होतात, तेवढाच आवाज मला झेपतो. पण इथली माणसं मायेची. एका तमिळ बाईने न विचारता माझ्या हातात इडलीची ताटली दिली, दुसरीने कंगवा आणून दिला. प्रभुभोजनाला इथे बिस्किटाचे तुकडे आणि काळ्या द्राक्षांचं सरबत असतं. आमच्याकडे पावाचे चौकोनी तुकडे आणि द्राक्षरसाचे अंगठ्याएवढे पेले, विल्सनकडे ती कागदासारखी पातळ चकती. तिन्हींकडे अर्थ एकच सांगतात. मग भांडण कशाचं आहे, चकतीचं की बिस्किटाचं?

पास्टर चाळिशीचा, हसतमुख, मला आंटी म्हणणारा. येतो म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. मग त्याने हळूच अटी काढल्या. घरात मारियेची मूर्ती आहे, ती आधी बाहेर काढायला हवी. विल्सन अंकलने पश्चात्ताप करून पाण्याचा बाप्तिस्मा घ्यायला हवा. आणि आंटी, तुमचा बाप्तिस्मा कधी झाला?

मी सांगितलं, दोन महिन्यांची असताना.

"म्हणजे झालाच नाही, आंटी," तो प्रेमाने म्हणाला.

मी ताटली खुर्चीवर ठेवली. त्याला म्हटलं, ज्या नावासाठी माझ्या आजोबांना भावकीने घराबाहेर काढलं, त्या नावाने माझ्या डोक्यावर पाणी पडलंय. ते वाटीभर होतं म्हणून कमी पडलं का? किती लिटर लागतं तुमच्या देवाला? हॉलमध्ये सगळे बघायला लागले. पास्टर हसतच होता. त्याचं ते न मावळणारं हसू आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

परत येताना जॉयलने सिग्नलला गाडी थांबवली आणि मागे न बघता म्हणाला, "मावशी, तू त्यांना असं बोलायला नको होतंस. मी रोज पिऊन पडायचो ना, तेव्हा मला उचलून न्यायला पास्टर यायचे. पप्पांच्या चर्चमधून कोणी नाही आलं."

खरं तेच बोलत होता तो. पण त्याच पास्टरने त्याला आईच्या पंगतीतून उठवलं होतं, तेही खरंच होतं. मी म्हटलं, तुझ्या आईसाठी एकदा त्या मूर्तीसमोर बसशील का? त्याने सिग्नल सुटल्याचं निमित्त केलं.

त्या दिवशी मंजूने पेज चार-पाच चमचेच घेतली.

मुलुंड

मुलुंडबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण तिथे मला सगळ्यात जास्त लाज वाटली. ते आमचं, माझ्याच पंथाचं चर्च. तिसऱ्या दिवशी पवईवरून बसने जाताना डावीकडे तलाव दिसतो आणि मला वाटत होतं, आता घरच्या माणसाकडे चाललोय, हा नाही म्हणणार नाही. तिथले धर्मगुरू म्हणजे तरुण पाळकसाहेब. "सलाम ताई," म्हणाले. आमच्यात ख्रिस्ती माणसं एकमेकांना सलाम म्हणतात, तो शब्द कानावर पडला आणि मला रडूच आलं. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, बहिणीचं नाव कुठल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, यादीत आहे?

कुठल्याच नव्हतं. नगरला ते लग्नानंतर काढून टाकलं होतं. मग कमिटीपुढे विषय ठेवावा लागेल, म्हणाले. आणि कॅथलिक नवऱ्याला नि त्या मुलाला देण्याचा प्रश्नच येत नाही. "आपण फक्त आपल्या माणसांना देतो, ताई."

मी विचारलं, आपली माणसं म्हणजे कोण? तो बिचारा गोंधळला. मी एवढी संतापले होते की दारातल्या कुणाच्या तरी चपला घालून बाहेर पडले. बसमध्ये अंगठा टोचायला लागला तेव्हा लक्षात आलं. परत गेले नाही. ज्यांच्या होत्या त्यांची मी इथे माफी मागते. त्या मंडळीची मागणार नाही.

मढ

घरी आले तर विल्सन पाटावर बसून लसूण सोलत होता. मंजूला वास सहन होत नाही म्हणून मागच्या ओट्यावर. मी सगळा राग त्याच्यावर काढला, तुमचे फादर असे नि जॉयलचा पास्टर तसा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताय, मना वाद नाय पायजे. तिला काय पायजे ते द्या." मग थोड्या वेळाने त्याने सांगितलं की त्यांचं लग्न लावलेले फादर अजून आहेत, म्हातारे झालेत, मढला भावाच्या घरी राहतात.

मढ तसं मुंबईतच, पण वर्सोव्याच्या धक्क्यावरून होडीनेच जाणं सोयीचं. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा ओहोटी होती. होडी अलीकडेच थांबली आणि आम्हा उतारूंना घोट्याएवढ्या चिखलातून जावं लागलं. त्या परक्या चपला हातात घेऊन मी निघाले तर एका कोळणीने टोपली सांभाळत माझा दंड धरला आणि ओढतच नेलं. पलीकडे बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, त्यांचा वास, आणि रस्त्याच्या कडेने मोठाले बंगले. हे बंगले शूटिंगला भाड्याने देतात. एकाच्या अंगणात चक्क चर्चचा सेट लावला होता आणि पांढऱ्या झग्यातला फादर खुर्चीवर बसून कटिंग चहा पीत होता. मला तो खराच वाटला. मी सरळ जाऊन विचारलं, फादर, माझी बहीण शेवटच्या आजारात आहे, घरी याल का? तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "येतो ना मावशी. पण पॅकअप झाल्यावर." सगळं युनिट हसलं. तोही ओशाळला आणि आपण कोण ते सांगून त्याने माझी क्षमा मागितली. एवढ्या उपनगरांत मला पहिल्याच शब्दाला हो म्हणणारा फादर भेटला तो फादरच्या कपड्यातला नट. मी हसले नाही. आजही मला त्याचं हसू येत नाही.

खरे फादर समुद्राच्या बाजूला, भावाच्या ओसरीवर. लुंगी, बनियन, एका डोळ्याला हिरवी पट्टी. आधी जेव, म्हणाले. ओल्या बोंबलांचं कालवण आणि भात. आमच्या नगरी मटणाच्या रश्श्यासमोर हे पाणीदार वाटेल म्हणून मी बिचकत घास घेतला, आणि मग दोनदा भात मागून घेतला. रागातही भूक लागते.

जेवता जेवता सगळं सांगितलं. मंजूचं नाव ऐकताच त्यांना ती आठवली. "तिला बाकावर बसून राहायला मीच सांगितलं होतं," ते म्हणाले. "लग्नाच्या आदल्या आठवड्यात. गोड आवाजात. तिने मला विचारलं होतं, फादर, प्रभूने जेवायला बोलावलं तेव्हा कोण कुठल्या गावचा ते विचारलं होतं का? मी म्हटलं, हे असं नसतं मुली. तेवढंच म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही मला."

ते बराच वेळ ताटात बोट फिरवत राहिले.

"तिला जे हवंय ते द्यायची परवानगी मला नाही," शेवटी म्हणाले. "आणि आता या वयात मी ती मागायला जाणार नाही. पण कुणाच्या घरी जाऊन जेवायला मला कोणाला विचारावं लागत नाही. भाकरी करा. मी येतो. त्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं."

उद्याच या, मी म्हटलं. उद्या डोळ्याची पट्टी काढायची होती, घरचे सोडणार नव्हते. परवा नक्की, म्हणाले. मी हो म्हटलं. दुसरं काय करणार होते?

पुन्हा मरोळ

मधल्या दिवशी मंजूच्या घशाखाली पाणीही नीट उतरेना. राणे वहिनी पेज घेऊन आल्या आणि तशीच परत घेऊन गेल्या. मी तिचे ओठ कापसाने ओले करत होते आणि मनात हिशेब घालत होते, मी आले त्या दिवशी हिने अर्धी वाटी खाल्ली होती. त्या दिवशी पावाचा तुकडा गेला असता. दुसऱ्या दिवशी भिजवून गेला असता. सगळा वेळ आम्ही कोण कोणाचं आहे ते ठरवण्यात घालवला.

फादर सकाळी साध्या शर्टात आले, एका हातात काठी. विल्सनने तांदळाची भाकरी केली. मंजू बाजरीच्या मुलखातून आलेली, तांदळाच्या पिठाला उकड काढायला तिला सासूने शिकवलं आणि तिने विल्सनला. भाकरी थोडी चिरली होती. जॉयल आला. त्याच्या पास्टरने नको सांगितलं होतं, तरी आला. तो मूर्तीकडे पाठ करून दारात बसला. मी त्याला पुढे ये म्हटलं नाही. आला होता तेवढं पुष्कळ.

फादरनी अगदी छोटी प्रार्थना केली, मराठीत, झगा नाही, घंटा नाही. भाकरीचं ताट हातात घेतलं आणि मोडायच्या आधी मंजूकडे बघितलं. तिने हात पुढे केला. त्यांनी ताट तिच्या मांडीवर ठेवलं.

तिने भाकरी मोडली. बोटांत जोर नव्हता, दोनदा प्रयत्न करावा लागला. पहिला तुकडा विल्सनच्या तोंडात घातला. दुसरा माझ्या. मग ती दाराकडे बघत तुकडा पुढे धरून राहिली. जॉयल उठला, मूर्तीसमोरून चालत आला, आईच्या पायाशी गुडघ्यांवर बसला आणि तोंड उघडलं. शेवटचा तुकडा तिने फादरना दिला. ज्यांनी तिला बाकावर बसवलं होतं, ते म्हातारे वाकून तिच्या हातून खात होते आणि त्यांचा पट्टी काढलेला लाल डोळा वाहत होता.

मग तिने स्वतःसाठी एक कण उचलला, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि जिभेवर ठेवला. गिळायचा प्रयत्न केला. खोकला आला, छाती भरून आली, डोळे पांढरे झाले. मला बोट घालून तो कण बाहेर काढावा लागला. माझ्या हाताने काढला मी तो. नंतर तिला श्वास आला आणि ती हसली. सगळ्यांनी खाल्लं ना, असं तिने खुणेने विचारलं.

शनिवारी ती गेली. दफन विल्सनच्या चर्चने रीतसर केलं, त्यात कसर ठेवली नाही. जॉयलचा पास्टर दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभा राहून रडत होता. आत यायला त्याला कोणी अडवलं नव्हतं. मुलुंडच्या पाळकांनी फोनवर सांत्वन केलं आणि चपलांची चौकशी केली नाही.

नगरला परतल्यावर आमचे पाळकसाहेब भेटायला आले. बराच वेळ बसले, चांगलं बोलले. मग विचारलं, बहिणीला शेवटी प्रभुभोजन मिळालं का?

मी म्हटलं, "नाही. तिनं आम्हाला दिलं."

कोण होतं विधीला, म्हणून त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. ते खाली बघत म्हणाले, "शालूताई, वाईट वाटून घेऊ नका, पण तसं ते प्रभुभोजन धरता येत नाही."

"नका धरू," मी म्हटलं. "माझी बहीण उपाशी गेली आणि आम्हाला जेवू घालून गेली. तिच्या हातचा तो घास माझ्या पोटात आहे. तुम्ही धरला नाही म्हणून तो बाहेर यायचा नाही."

त्यानंतर आमच्या घरातून पाळकसाहेब पहिल्यांदाच चहा न घेता गेले. मी विचारला नाही.